बरी झाले असं मी सांगितलं

"म्हणजे बरी झाली ना?" सुकुमारने विचारलं.

डॉक्टर हेर्लेकरांनी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पाटीवरून काढून पाकिटात घातली. "रेमिशन म्हणतात याला, मगदूम. पूर्ण रेमिशन. मानेत नाही, छातीत नाही, पोटात नाही. कुठंही रोग दिसत नाही. याहून चांगला रिपोर्ट यायचा नाही."

"तेच. म्हणजे बरी झाली."

"दिसत नाही, असं म्हणालो मी."

"दिसत नाही म्हणजे नाहीच ना?"

"मशीनला दिसेल एवढा नाही. त्याहून बारीक काही कुठं राहिलंय का, हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. राहिलं नसेल तर बऱ्या झाल्या. राहिलं असेल तर परत डोकं वर काढेल. ते काळ गेल्यावरच कळतं."

"किती काळ?"

"हा जो यांचा प्रकार आहे, त्यात परत यायचं असलं तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतं. दोन वर्षं गेली की माझा जीव जरा भांड्यात पडेल. पाच गेली की मीच म्हणेन, बऱ्या झाल्या."

"पाच," सुकुमार म्हणाला.

"आज घरी जाऊन पेढे वाटा. फक्त दर तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका."

आम्ही उठलो. सुकुमार दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"या पाच वर्षांत तिला एकटं ठेवलं तर चालतं का?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. "एकटं म्हणजे? शाळेत जाऊ दे त्यांना, शिकवू दे. आणि घरात माणूस असलेलं बरं, हे तुम्हाला मी कशाला सांगू? तुमच्यासारखा नवरा माझ्या दहा पेशंटांत एखादीला मिळतो."

सुकुमारने मान खाली घातली.

मला काय वाटलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. काही वाटलं नाही. टेबलावर कसल्याशा गोळ्यांची जाहिरात असलेलं कॅलेंडर होतं. त्यावरची बाई हसत होती आणि मी तिचे दात मोजत होते. बारा दिसत होते.

मिरजेहून इचलकरंजीला येणाऱ्या एसटीत त्याने मला खिडकी दिली. घरून आणलेलं उकळलेलं पाणी झाकणात ओतून दिलं. माझ्या बोटांची टोकं औषधांनी बधिर झाली होती, झाकण धरलंय की नाही ते मला बघितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून त्याने झाकणाखाली स्वतःचा हात धरला. आठ महिने तो असाच धरत आला होता. 

तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची. आता लिहिताना एकेरीच येतंय.

घराच्या पायरीवर आक्का बसून होत्या. आक्का म्हणजे सुकुमारची आई. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक करून आल्या होत्या आणि तेव्हापासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं.

"काय म्हणाला डाक्टर?"

"स्कॅन चांगला आलाय," सुकुमार म्हणाला.

"म्हणजे बरी झाली?"

"बरी असं अजून म्हणायचं नाही. आत्ता रोग दिसत नाही. पाच वर्षं गेल्यावर म्हणायचं."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चांगला आलाय म्हणतोस, आणि तोंड असं का रे?"

शेजारच्या चिपरगे वहिनी आल्या. "बरी झाली की हो आमची पद्मजा!" म्हणत त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सुकुमारने त्यांनाही सांगितलं, बरी नाही, रेमिशन. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "रेमिशन, सर," सुकुमार पुन्हा सांगू लागला. "नाही, तसं नाही. पाच वर्षं." संध्याकाळपर्यंत सहा-सात माणसं येऊन गेली. प्रत्येकाने आनंदाने तो एक शब्द उच्चारला आणि प्रत्येकाच्या तोंडातून सुकुमारने तो काढून घेतला.

"जरा चांगलं बोल की तोंडानं," आक्का शेवटी वैतागल्या.

"दृष्ट लागू नये म्हणून म्हणत असेल," वहिनी म्हणाल्या. "बायकोवर एवढा जीव कुठं बघायला मिळतो आजकाल?"

मी सूर्य मावळायच्या आत जेवायला बसले आणि पानातलं सगळं संपवलं. तो असं का म्हणतोय हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आक्का कुंभोजला लेकीकडे गेल्या होत्या, आणि सुकुमार माझ्यासमोर बसून म्हणाला, "पद्मा, मला वेगळं व्हायचंय." बारा वर्षं झाली होती लग्नाला. मूल नव्हतं. पण ते कारण नव्हतं. आम्ही कधी भांडलोही नव्हतो. घरात तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, तर मला कळायचंही नाही. माझंही त्याला तसंच. त्याने काही लपवलं नाही. भिवंडीला त्याच्या एका जुन्या सोबत्याची विधवा बायको होती, तिला एक मुलगी होती. तिकडे काम बघितलं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, रडले. पण हो म्हणाले. वकिलाकडे जायचा दिवस ठरला.

त्या दिवसाच्या चार दिवस आधी वेणी घालताना मानेला गाठ लागली.

वकिलाचं नाव पुन्हा निघालं नाही. सुकुमारने भिवंडीला काय कळवलं ते मी विचारलं नाही. सहा वेळा औषधं चढली. प्रत्येक वेळी तो रजा काढून सोबत आला. ओकारीचं भांडं त्याने धरलं. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं नर्सकडून शिकून घेऊन त्याने मला घरी दिली. गळालेले केस आक्कांच्या नजरेला पडू नयेत म्हणून उशीवरून, न्हाणीतून गोळा करून तोच टाकून यायचा. लग्नाच्या बारा वर्षांत त्याने मला जेवढा हात लावला नसेल तेवढा त्या आठ महिन्यांत लावला. तो हात प्रेमाचा होता का? मला सांगता येणार नाही. चांगल्या माणसाचा होता.

स्कॅन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. डोक्याला रुमाल बांधून दोन तास घेतले, सह्याद्रीचे घाट शिकवले, आणि मुख्याध्यापकांनी लवकर घरी पाठवलं. मागच्या दाराने आत येत होते. सुकुमार परसात धुण्याच्या दगडापाशी फोनवर बोलत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"पाच वर्षं म्हणालेत," तो म्हणत होता. "नाही... तसं मला करता येणार नाही... तू थांबू नकोस. हो. खरंच सांगतोय. थांबू नकोस आता."

फोन ठेवून त्याने नळ सोडला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

मी पुढच्या दाराने घरात गेले. रुमाल सोडला, घडी घातली. वाईट वाटायला हवं होतं. राग तरी यायला हवा होता, नाहीतर बरं वाटायला हवं होतं, की हा राहतोय. काहीच आलं नाही. एवढंच लक्षात आलं, की आता हा माणूस मी बरी होण्याची किंवा मरण्याची वाट बघत बसणार. दोन्हींपैकी जे आधी येईल त्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो काम करायचा त्या सायझिंगमध्ये गेले. सुताला खळ लावून वाळवतात तो कारखाना. दार उघडलं की शिजलेल्या खळीचा वास आणि वाफ एकदम अंगावर येते. मला बघून सुकुमार धावतच आला.

"काय झालं? ताप आला?"

"नाही. बोलायचंय. बाहेर चला."

बॉयलरसाठी लाकडं रचून ठेवली होती, तिथे आम्ही उभे राहिलो.

"काल परसात तुम्ही बोलत होता ते मी ऐकलं."

त्याने हात पँटला पुसले. "मी तिला थांबू नकोस म्हणालो."

"तेच ऐकलं."

"मग झालं तर. तो विषय संपला."

"तुम्हाला अजून जायचंय का?"

"पद्मा, तू आजारी आहेस."

"मी विचारलं ते सांगा."

आतून मशीनचा आवाज येत होता. त्याने घसरलेलं एक लाकूड उचलून नीट रचून ठेवलं. "हो," म्हणाला. आणि लगेच, "पण जाणार नाही."

"पाच वर्षं?"

"पाच वर्षं."

"आणि चौथ्या वर्षी परत आलं तर? पुन्हा पहिल्यापासून पाच?"

"असं बोलू नको."

"सकाळी उठल्यावर तुम्ही आधी माझ्या मानेकडे बघता. मी डोळे मिटून पडलेली असते, पण मला कळतं."

"काळजीनं बघतो गं."

"माहीत आहे. पण बघताना तुम्हाला काय दिसावंसं वाटतं?"

तो खाली बसला. सबंध आजारपणात मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. आता तोंडावर दोन्ही हात घेऊन तो रडला. "मी तुझं कधी वाईट चिंतलं नाही," म्हणाला. "देवाशप्पथ, कधीच नाही."

"मला माहीत आहे." मी हे सगळं वर्गात धडा सांगावा तसं बोलत होते. माझा आवाज मला ऐकू येत होता, तो अगदी नीट होता. "तुम्ही जा."

"लोक काय म्हणतील? बायकोला कॅन्सर झाला आणि टाकून गेला."

"मी बरी झाले म्हणून सांगेन."

"पण तू झालेली नाहीस."

"ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मला नाही, तुम्हाला नाही. मग लोकांना कशाला माहीत असायला पाहिजे?"

"आणि परत आलं तर?"

"तर मी मिरजेला जाईन. रस्ता पाठ आहे."

"माझ्यासाठी हे करू नको, पद्मा."

"तुमच्यासाठी नाही करत," मी म्हणाले. "मला सकाळी डोळे उघडायचेत."

तीन महिन्यांनी पहिली तपासणी होती. मी एकटी गेले. डॉक्टर हेर्लेकरांनी मान, काखा, पोट तपासलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले. "छान आहे. पुढच्या तीन महिन्यांनी या." मी त्यांना विचारलं, आता बरी म्हणायचं का? ते हसले. "घाई नको. रेमिशनच म्हणू या." मी बरं म्हणाले आणि स्टँडवर अर्धा किलो पेढे घेतले.

आक्का स्वयंपाकघरात डाळ निवडत होत्या.

"आक्का, डॉक्टर म्हणाले पूर्ण बरी झाले. आता काही उरलं नाही. पाच वर्षांचं वगैरे काही राहिलं नाही म्हणाले."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेढ्यांचा पुडा घेतला, देवापुढे ठेवला, हात जोडले.

"बरं झालं," म्हणाल्या.

गल्लीत मीच पेढे वाटले. चिपरगे वहिनींनी डोळे पुसले. या वेळी मधेच बोलायला सुकुमार नव्हता. शाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दर वेळी तो शब्द म्हणताना मला वाटायचं की आता काहीतरी होईल, निदान ओशाळल्यासारखं तरी होईल. पण दुकानात सामानाची यादी सांगावी तसा तो तोंडातून निघायचा.

आठवड्याने सुकुमारने आक्कांना सांगितलं. मी दारात उभी होते.

"ती बरी झाली म्हणून चाललास व्हय?" आक्कांनी विचारलं.

"हो."

"आणि बरी न्हवती तवर?"

"तवर थांबलो होतो."

आक्कांनी दोन आठवडे त्याला ताट वाढलं, पण एक शब्द नाही. निघायच्या सकाळी त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, तूही चल." तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कुठं येऊ? माझं घर हाय हे." एक पेटी आणि एक पिशवी घेऊन तो गेला. जाताना माझ्यापाशी थांबला आणि सवयीने मानेकडे बघितलं. त्याचं त्यालाच कळलं. मान फिरवून पायऱ्या उतरला.

मीही शाळेजवळ एक खोली बघून ठेवली होती. संध्याकाळी बॅग भरायला घेतली तर आक्का दारात आल्या.

"तू कुठं चाललीस?"

"मी आता इथं कशी राहू, आक्का?"

"तो गेला. तुला कोण जा म्हणालंय?" त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या. मी बॅग तशीच पलंगाखाली सरकवली.

कागदावरचं वेगळं होणं पुढच्या वर्षी झालं. मी दर तीन महिन्यांनी मिरजेला जात होते आणि आक्कांना कधी प्रशिक्षण, कधी पेपर तपासणी असं सांगत होते. केस वाढले. बोटांत हळूहळू जाण आली. गल्लीतल्या बायका सुकुमारला नावं ठेवायच्या, मग म्हणायच्या, "पण बरी करून गेला हो, तेवढं खरं." मी हो म्हणायची. दिवस जात होते. मी त्यांच्यातून चालत होते, एवढंच.

सुकुमार गेल्यावर दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, शाळेत निघताना पदराची पिन लावत असताना, मानेच्या त्याच बाजूला गाठ लागली. हरभऱ्याएवढी.

पुढचं आधी सांगून टाकते. ती गाठ साधी निघाली. सुई घालून तपासलं, दातातल्या पुवाने सुजलेली होती, दाढ काढल्यावर बसली. त्यानंतर एकदाही काही आलं नाही. पाच वर्षं झाली त्या दिवशी डॉक्टर हेर्लेकरांनी स्वतः खुर्चीवरून उठून तो शब्द उच्चारला. आता चौदा वर्षं झाली आहेत. आक्का चार वर्षांपूर्वी गेल्या. सुकुमार आला होता, बरोबर भिवंडीची ती मुलगी होती, तिचं लग्न ठरलं होतं. आम्ही नीट बोललो.

पण त्या ऑक्टोबरात यातलं काही मला माहीत नव्हतं. चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? सगळ्या गावाच्या लेखी मी बरी झाले होते. चौथ्या रात्री ठरवलं आणि सकाळी आक्कांना म्हणाले, "शाळेच्या कामाला कोल्हापूरला जाऊन येते. उशीर होईल."

चप्पल घालून मागे वळले तर आक्का इरकलीचं चांगलं लुगडं नेसून, पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. पिशवीत पाण्याची बाटली होती आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या.

"चल," म्हणाल्या.

"तुम्ही कुठं?"

"मिरजेला."

"मी कोल्हापूरला..."

"चार दिस मानेला हात लावून बसतीस. मला काय खुळी समजलीस?"

"पण आक्का, मी तर बरी झाले..."

"तो डाक्टर पाच वर्षं म्हणाला हुता. सुक्यानं दारात उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं. तीन महिन्यांत पाच वर्षं कशी झाली? मला मोजता येत न्हाई व्हय?"

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

त्यांनी दाराला कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोलले असते तर तो गेला नसता. तो माझा पोरगा हाय, मला कळत न्हवतं का त्याचं मन कुठं हाय ते? घरात नुसता खांबासारखा हुबा असायचा. आणि तू त्याच्याकडं बघत बघत वाळून गेली असतीस." मग किल्ली कमरेला खोचली. "पेढा दिलास, मी देवापुढं ठेवला. म्हटलं, ही म्हणतीया तसंच असू दे."

एसटीत मला खिडकी मिळाली. आक्का शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. गाडी जयसिंगपूरच्या पुढे गेली आणि माझे पाय कापायला लागले. आधी वाटलं, गाडीच हलतेय. मग हात कापायला लागले, मग दात. पहिली गाठ लागली तेव्हापासून, औषधांच्या सहाही फेऱ्यांत, बॉयलरपाशी, सुकुमार पायऱ्या उतरला तेव्हा, जे जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. मला मरायचं नव्हतं. मी चाळीस वर्षांची होते आणि मला मरायचं नव्हतं.

"आक्का," मी म्हणाले, "मला भीती वाटतीय."

मी मोठ्याने बोलले असेन, कारण पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून बघितलं. आक्कांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. माझा हात ओढून पिशवीवर ठेवला आणि वर आपला ठेवला.

"वाटू दे की," म्हणाल्या. "आत्ता कुठं वाटाय लागलीया."